सही व्हायच्या आधीचा फळा

सातारा, बुधवार, १२ जानेवारी १९७२

लढाईत बेपत्ता झालेल्या दादाचं नाव आज दुपारी फळ्यावर होतं. आता नाही.

सापडलेल्या जवानांची नावं फोनवरून येतील तशी फौजी कचेरीतल्या फळ्यावर लिहितात. मग पुन्हा फोन लावून पडताळतात, चुकलेली पुसतात, आणि शेवटी साहेब खाली सही करतात. सही होईपर्यंत फळ्यावर विसंबायचं नाही, हे काकांसारख्या जुन्या फौजीला मी काय सांगणार? पण नाव दिसल्यावर कोण थांबेल? मी तरी थांबले असते?

"वयनी, पोरगा सापडला! जित्ता हाय!" म्हणत ते धावतच घरी आले. आईनं गल्लीभर गूळ वाटला.

संध्याकाळी मी स्वतः गेले. फळ्याखाली सही होती. दादाच्या नावाच्या जागी नुसता पुसल्याचा पांढरा पट्टा. कारकून हळूच म्हणाला, "ताई, त्यो दुसऱ्या पलटणीतला निघाला."

घरी येऊन सांगितलं. काकांनी मान खाली घातली. आईच्या बोटांना अजून गूळ चिकटलेला होता. तिनं मलाच विचारलं, "भावजींनी वाचलं तवा नाव व्हतं न्हवं?"

"होतं."

"मग तवा तरी जित्ता व्हता माझा."