उलटा फ्लेक्स

शुक्रवार, संध्याकाळ. अमरावती

उद्या आमच्या कॉलेजात रात्रभर रोबोट स्पर्धा; फरशीवर चिकटवलेली पट्टी पाहत रोबोट धावणार. सगळी तयारी मी केली. धारणीहून येणाऱ्या मुलांची झोपायची सोयसुद्धा मीच पाहिली. आणि आज, अकोल्याहून नुकत्याच बदलून आलेल्या कविता मॅडम हॉलमध्ये शिरल्या, खाली पाहिलं अन् म्हणाल्या, "सर, फरशीबी काळी, पट्टीबी काळी. रोबोटले पट्टी दिसन कशी?"

पंधरा वर्षं त्याच फरशीवर चालतोय मी. मला कसं नाही दिसलं?

वर उपायही त्यांचाच. जुने फ्लेक्स उलटे अंथरा, मागून पांढरे असतात. पोरं टाळ्या वाजवून राहिली होती. माझीच पोरं! प्राचार्य म्हणाले, "याले म्हणतात डोकं." ते माझ्याकडे पाहून काहून म्हणाले?

एक फ्लेक्स कमी पडला. तेव्हा मोठेपणा दाखवायला मीच बोलून गेलो की माझ्या घरी आहे. मला पीएचडी मिळाली तेव्हा पोरांनी गेटवर लावलेला, माझ्या फोटोचा. कपाटामागे जपून ठेवलाय.

आत्ता काढून पुसला. मागून खरंच पांढराशुभ्र आहे. उद्या माझं तोंड फरशीकडे, आणि पाठीवर मॅडमची पट्टी.