माळ्यावरचे पाढे

मास्तर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तुमच्या जागेवर आता मी शिकवतो. उद्या डिपुटी साहेब शाळा तपासायला येणार आहेत. तुमच्या वेळी ते उन्हाळ्याच्या तोंडाशी यायचे, वाट कोरडी झाल्यावर. हे नवे साहेब ऐन भात पिकल्यावर येताहेत, आणि पोरं सगळी शेतात, बांबूच्या माळ्यांवर बसून पाखरं राखताहेत. हजेरी भरली नाही तर शाळा बंद, असं बोर्डाने बजावलंय. मग अणशीच्या जंगलापलीकडच्या शाळेत या पोरांना कोण धाडणार?

मलाही बाबांनी असंच शाळेतून काढून माळ्यावर बसवलं होतं. तुम्ही आमच्या अंगणात आलात, तर बाबा म्हणाले, "मास्तर, पाखरांनी भात खाल्लं तर पोरानं वरीसभर पुस्तक खावं व्हय? न्हाई सोडणार." तुम्ही रागावाल असं मला वाटलं. तुम्ही म्हणालात, "नका सोडू. मीच शेतावर येतो." दुसऱ्या दिवशी तुम्ही धोतर खोचून बांधावर उभे! पाखरं हाकायला ओरडायचंच आहे, तर पाढे ओरडा, म्हणालात. या माळ्यावरून 'तेरा एके तेरा', पलीकडून 'तेरा दुणे सव्वीस', आणि पोपटांचे थवे उठताहेत. तेरा चोकला मी अडखळतो, तशी तुमची हाक येते, "पाखरं उडाली ते बरं झालं, पण बावन्न कुठे उडाले रे?" मला हसूही येतं आणि लाजही वाटते.

मीही तेच करतो, पण त्याला शाळा म्हणायला बोर्ड तयार नाही. आमच्या पोरांना उन्हाळ्याची सुट्टी सुगीत द्या, म्हणून किती विनवलं! कारकून म्हणतात, नियम सगळ्यांना सारखा. पेठेतल्या दुकानदाराच्या मुलाला कुठे पाखरं राखायची असतात? या सारखेपणाचा मला संताप येतो. बायको म्हणाली, एक दिवस पोरांना आणून बसवा शाळेत. मन डळमळलं. पण त्या एका दिवसात भात गेलं, तर आईबाप पुन्हा पाटीला हात लावू देणार नाहीत. म्हणून साहेबांनाच बांधावर न्यायचं ठरवलंय. संध्याकाळी पोरांना तसं सांगितलं, तर एक पोर घाबरून म्हणाली, "सायेबानं साळा बंद केली तर वो?" मी छातीठोकपणे म्हणालो, "माझ्या मास्तरांनी हेच केलं असतं." तिला तेवढं पुरलं, हसत घरी गेली. हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून खरं लिहितो. तुम्ही काय केलं असतं, मला ठाऊक नाही.