कोपऱ्यावरच्या दुकानाची ड्यू डिलिजन्स

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७.१०

नवी रोजनिशी. पानं मोजली: १९२. वेष्टनावर २०० छापलंय. असो, सुरुवातीलाच कटुता नको.

आज आयुष्याला दिशा मिळाली. वकील मॅडमच्या ऑफिसात लागून मला दोन महिने झाले, आतापर्यंत नुसते पानांना नंबर घालत होते. आज मॅडम फोनवर एका अशिलाला म्हणाल्या, ड्यू डिलिजन्स केल्याशिवाय सही करायची नाही. मी अर्थ विचारला. म्हणाल्या, करार करण्याआधी जागा, कागद, समोरचा माणूस, सगळं तपासून घ्यायचं, शहाणा माणूस घेईल तशी काळजी घ्यायची. पुढेही काहीतरी म्हणाल्या, पण तेव्हा मी पट्टी लावून शब्द अधोरेखित करत होते.

म्हणजे आमच्या घरात जे चालतं त्याला इंग्रजीत नाव आहे! बाहेर पडताना कुलूप बाबा ओढून बघतात, मग मी, मग परत बाबा. मावशीच्या लग्नाला आम्ही पोचलो तेव्हा पाहुणे जेवून निघाले होते. पण कुलूप लागलेलं होतं.

४ मार्च, मंगळवार

कोपऱ्यावरचं दुकान रिकामं झालंय. मोठी खिडकी, भरपूर उजेड.

आई वीस वर्षं जेवणाच्या टेबलाच्या टोकाला शिवतेय. ताटं आली की मशीन उचला, ताटं गेली की परत मांडा. गिऱ्हाइकं कपडे घालून बघायला बाथरूममध्ये जातात. आमची बादली साऱ्या गल्लीच्या ओळखीची आहे.

आई दुकानाच्या दारातच म्हणाली, घेऊया. मी तिला बाजूला घेतलं. मालक आजोबा भले आहेत. पुढच्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत कळवा म्हणाले, तोवर दुसऱ्या कुणाला देत नाही. मी आईकडून वचन घेतलं की माझा अहवाल होईपर्यंत तोंडानेसुद्धा हो म्हणायचं नाही. तोंडी होकारही करारच धरतात. आई म्हणाली, बरं बाई, तू शिकलेली. किती दिवस लागतील? मी म्हटलं, दोन.

६ मार्च, गुरुवार

दुकानासमोर उभी राहून वर्दळ मोजली. एका तासात माणसं २१२, कुत्री ९. (दुरुस्ती: कुत्री ८. तपकिरी परत आला होता.)

आई म्हणाली, कुत्री काय माझ्याकडे फ्रॉक शिवायला येणार आहेत? आईला पद्धत कळत नाही. उद्या नक्की संपवणार.

८ मार्च, शनिवार

दोन दिवस म्हणजे कामाचे दोन दिवस, असं मुळात अभिप्रेत होतं.

आज शटरची चाचणी. तीस वेळा वर-खाली करायचं ठरवलं. बाबा आतून लक्ष ठेवायला. एकोणतिसाव्या वेळी शटर अडकलं. बाबा आत. आतून आवाज आला, घाबरू नकोस, मी फरश्या मोजतोय.

आधी माणूस बोलवावा की आधी नोंद करावी, या विचारात होते, तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या पडदे शिवणाऱ्या बाई आल्या. पिशवी माझ्या हातात दिली. एक लाथ, एक हिसका, शटर वर! बाबा बाहेर येऊन म्हणाले, एकशे चव्वेचाळीस, त्यातल्या दोन तडकलेल्या. बाई आत डोकावून म्हणाल्या, अगंबाई, काय उजेड आहे! आणि हे रिकामं आहे होय?

त्यांची 'स्वतंत्र साक्षीदार' म्हणून सही घेतली. असा साक्षीदार मिळायला नशीब लागतं. घरी अक्षरशः उड्या मारत आले. बाबासुद्धा. त्यांची एक पायरी चुकली.

११ मार्च, मंगळवार

अहवाल ३१ पानं! मसुद्याची एक प्रत आजोबांना दिली, त्यांचं म्हणणं नोंदवायला. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, माझ्या दुकानाकडे इतक्या मायेने कुणी पाहिलं नव्हतं गं पोरी.

दुसरी प्रत मॅडमना दाखवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं. म्हणाल्या, छान. मग घेतलं का दुकान? मी म्हटलं, अजून नळ राहिलाय. तेव्हा म्हणाल्या, त्या दिवशी सांगितलं होतं ना, ड्यू म्हणजे त्या कामाला लागेल तेवढीच. कारखाना घेताना महिनाभर तपासा, शिवणाचं दुकान घ्यायला एक दुपार पुरते.

हे फार महत्त्वाचं आहे. परिशिष्ट म्हणून जोडते.

१४ मार्च, शुक्रवार. दुपारी ४.३५

अहवाल पूर्ण. ४३ पानं. निष्कर्ष: दुकान घ्यावं.

आई चारपासून गळ्यात टेप अडकवून दाराशी उभी आहे. निघणार इतक्यात दिसलं, पान ३७ दोनदा आलंय. असं देणं बरं नाही. पुढचे आकडे खोडायला दहाच मिनिटं.

४.५२. निघालो.

४.५६. कुलूप बघायला परत. बाबा, मी, बाबा.

संध्याकाळी ६.३०

पाच वाजून अकरा मिनिटांनी पोचलो. आजोबा म्हणाले, पाच मिनिटं जास्तच थांबलो हो. पडदेवाल्या बाई साडेचारपासून घड्याळाखाली उभ्या होत्या. त्यांना आधी शंका होती, मग आजोबांनी त्यांना माझा मसुदा वाचायला दिला. सहा पानं वाचून म्हणाल्या, एवढं तपासलंय, आता बघायचं काय राहिलं? आणि सही केली. माझ्याच पेनाने. शनिवारी ते त्यांच्या पिशवीत राहिलं होतं.

बाईंनी माझे दोन्ही हात धरून आभार मानले. बाबा म्हणाले, अहवालात चूक मात्र नव्हती. आईने टेप गळ्यातून काढला आणि बोटाला गुंडाळत घरी आली.

१६ मार्च, रविवार. दुपारी १२.४०

सकाळी आई माझ्या खोलीत आली. खिडकीतून बाहेर पाहिलं, भिंतीला टेप लावला, म्हणाली, बसतंय. मी म्हटलं, उजेड तासातासाने बघायला हवा, दोन दिवस दे. आई म्हणाली, ते टेबल त्या टोकाने उचल.

अर्ध्या मिनिटात मशीन आत, माझं टेबल माळ्यावर. अकराला पहिलं गिऱ्हाईक आलं. दार लावून कपडे घालून बघितले. बादलीची चौकशी केली म्हणे.

मी आता जेवणाच्या टेबलाच्या टोकाला लिहितेय. जागा तशी चांगली आहे, सविस्तर तपासणी उद्यापास

ताटं आली. आई म्हणतेय, वही उचल.