नादारीचा अर्ज

प्रिय आये,

आज दुपारी शेजारची रखमा माझ्या ओटीवर येऊन रडली. दिराने तिच्या माडांना कुंपण घातलंय आणि वकील करायची तिची ऐपत नाही. तिची समजूत घालता घालता मला तूच दिसायला लागलीस, अगदी समोर, पदर खोचलेली. म्हणून हे पत्र. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मिठबावहून तुझ्यापर्यंत ते कसं पोचवायचं, ते पोस्टमन बघून घेईल!

आठवतं, तोंडवलीहून होडीने आपण मालवणच्या कोर्टात निघालो होतो? खाडी निवांत, धुकं इतकं की काठ कुठे गेला कळेना. आपण पाण्यावर आहोत की झोपेत, असं मला वाटत होतं. तू मात्र पुटपुटत कोर्टात द्यायची उत्तरं पाठ करत होतीस.

बाबा गेल्यावर काकांनी आपलं घर आणि मागचे माड स्वतःचे म्हणून सांगितले. "माका खंय वकील परवडता?" म्हणत तू किती जणांचे उंबरे झिजवलेस! शेवटी शाळेच्या मास्तरांनी मालवणच्या एका वकिलांकडे धाडलं. त्यांनी फी नको म्हटलं आणि वाट दाखवली. कोर्टाने तुला 'नादार' ठरवलं, म्हणजे तुझ्यापाशी काही नाही हे मानलं, तर स्टॅम्पाचा खर्च न भरता दावा लावता येणार होता.

आणि मी काय दिवे लावले? मालवणला जायचं, चार माणसं बघणार, लग्नाचं वय माझं! तुला न विचारता शेजारच्या जनाकाकीची सोन्याची माळ मागून गळ्यात घातली. होडीत ती तुला दिसलीच नाही, की दिसूनही गप्प राहिलीस?

अर्ज खरा की खोटा ते तपासायला आलेल्या सरकारी वकिलांनी बोट दाखवलं. "मुलीच्या गळ्यात सोनं, आणि आई नादार?" न्यायाधीशांनी मला विचारलं, "माळ कोणाची?" मागून आणली, एवढंच तर सांगायचं होतं. भरल्या कोर्टात माझी जीभ उचलेना. घर जात होतं आणि मला माझ्या अब्रूची पडली होती!

तूच पुढे झालीस. "सायबानु, माळ शेजारणीची आसा. चेडू लाजता. माझा म्हणशात तर ह्या अंगावरचा लुगडा, आणि ह्या चेडू."

कोणीतरी हसलं. मी मान फिरवली, जणू मी तुझी कोणी नव्हेच.

पुढच्या तारखेला जनाकाकी स्वतः आली, माळ आपली म्हणून शपथेवर सांगून गेली, आणि अर्ज मंजूर झाला. दावा मग कितीतरी पावसाळे चालला. घर राहिलं, माडही राहिले. त्याच माडांखाली माझं लग्न लागलं. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. बोलायचं होतंस गो! त्या माळेच्या दिवशी कोर्टातून परतताना फक्त म्हणालीस, "गरीब दिसलव म्हणान कोण मरणा नाय." तेव्हा मला तुझा रागच आला होता.

उद्या मी रखमाला घेऊन देवगडच्या कोर्टात जाणार आहे. कोणी भला वकील मिळेपर्यंत विचारत फिरू, तिचा अर्ज करू. तिच्यापाशी काही नाही हे मी शपथेवर सांगेन. आणि कोणी विचारलं, "बाई, तुम्ही कोण?" तर आये, तुला वचन देते, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन, मी तोंडवलीच्या नादार बाईची मुलगी.

तुझाच चेडू,
शालू