अजून थोडं हिरवट

५ मार्च
खाऱ्या पाण्याची टाकी भरली! थेट ताईच्या दिवाणखान्यात. भाऊजींचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. ताई म्हणाली, "मास्तरांशी भांडून कॉलेज अर्धवट सोडलंस. ही टाकी तरी पुरी कर." करतो! उद्याच मासे आणतो.

६ मार्च
मासे दिले नाहीत! शोभेच्या माशांच्या दुकानातली ती चष्मेवाली म्हणाली, "आत्ता सोडाल तर स्वतःच्याच घाणीने मरतील. आधी गाळणी तयार होऊ द्या."
आहे की गाळणी! खालच्या टाकीत फडक्याची पिशवी आहे, फेसाबरोबर घाण वर काढणारं यंत्र आहे, पाणी परत चढवायला पंप आहे.
हसली. "ती नुसती झाडलोट. खरी गाळणी टाकीतल्या खडकांत राहते."
खडकांच्या छिद्रांत म्हणे जीवाणू वस्ती करतात. काही जण घाणीतला विषारी अमोनिया खातात, त्यांचं उरलेलं दुसरे खातात. शेवटी जे राहतं ते फारसं बाधत नाही. थोडं पाणी बदललं की झालं.
"वस्ती वाढायला वेळ लागतो. एक दिवसाआड पाणी आणा, मी तपासून देते."
एक दिवसाआड!! मासे गेले खड्ड्यात.

९ मार्च
जीवाणूंसाठी रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकतो. भाऊजी — "कोणाला जेवू घालतोयस? भुताला?"

१९ मार्च
भाऊजी म्हणाले, डबक्याचा वास येतोय. डोकं फिरलं! पिशवी, स्पंज, खडक, सगळं नळाखाली खसाखसा घासलं. अभिमानाने दुकानात सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं! अख्खी वस्ती मारलीत. टाकीतल्याच पाण्यात हलकेच खळबळायचं असतं. आणि राग आला की पाणी प्यायचं, नळ सोडायचा नाही!"
उलट बोललो नाही. मी!
पुन्हा पहिल्यापासून.

८ एप्रिल
ती काचेच्या नळीत माझं पाणी घेते, वर औषधाचे थेंब टाकते, उजेडात धरते. हिरवं म्हणजे अमोनिया आहे, पिवळं म्हणजे टाकी तयार. "अजून थोडं हिरवट. परवा या."
मी नळीकडे कुठे बघतोय!

१६ एप्रिल
हिरवट. परवा या.

२० एप्रिल
हिरवटच. भाऊजी — "कॉलेज बरं होतं रे, निदान निकाल तरी लागायचा."

२४ एप्रिल
दुसऱ्या दुकानातून तपासायचं औषध आणलं. थेंब टाकले. पिवळं! पुन्हा टाकले. पिवळंच! ताईला विचारलं, हे हिरवं आहे? म्हणाली, "डोळे तपासून घे. लिंबासारखं पिवळं आहे."
म्हणजे ती खोटं बोलतेय! माझ्याशी! उद्या सगळ्यांसमोर जाब विचारतो. दोन पेले पाणी प्यायलो. तरी विचारणारच!

२५ एप्रिल
विचारला. ती लालबुंद.
"मासे घेऊन गेला असतास, तर परत आला असतास का?"
मासे आणायचे राहूनच गेले.