बिनदुधाची कॉफी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
शनिवार, ३१ जानेवारी १९९८

प्रिय रुचिता,

परवा गुरुवारी दुपारी सव्वाचारला, नीलम्माच्या खानावळीत दाराजवळच्या बाकावर बसून तुझ्या हॉस्टेलमधल्या दानेश्वरीनं मला सांगितलं की तू दूध सोडलंस ते माझ्यापायी. मी कॉलेजात परत जाऊन वर्गात बसेपर्यंत दूध, दही, ताक, तूप, सगळं बंद. त्या वेळी माझ्या हातात तुझ्यासाठी बांधून घेतलेली बिनलसणाची शेंगांची चटणी होती. ती मी किती वेळ तशीच धरून बसलो मला आठवत नाही. नीलम्मानं येऊन पुडी काढून घेतली आणि धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाली, "तम्मा, पाणी पी आधी. तोंड बघ कसं झालंय तुझं."

दोन दिवस झाले, डोकं ठिकाणावर नाही. आई बोलते ते ऐकू येतं पण कळत नाही. काल एम-८० घेऊन बाहेर पडलो तर मिरजकर तिकटीला गेलो, तिथून परत घरी आलो, आणि कशाला गेलतो तेच आठवेना. तीन महिने, रुचिता! तीन महिने मी स्वतःला केवढा शहाणा समजत होतो.

तुला तो दिवस आठवत असणारच. दिवाळीच्या सुट्टीनंतरचं पहिलंच केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. इंगवले सरांनी तुझ्या वहीवरून उतरवलेलं माझं जर्नल उचललं आणि सगळ्या बॅचसमोर म्हणाले, "निरीक्षणं तिची, आकडे तिचे, उद्या भाकरीपण तिच्याच घरची खाणार काय रे?" सगळे हसले. तू मान खाली घातलीस. तुझी मान खाली गेलेली मला बघवली नाही, बस्स. जर्नल मी भिरकावलं, ब्यूरेट फुटली, सरांची कॉलर माझ्या हातात आली, आणि "ठेवा तुमचं कॉलेज तुमच्यापाशी" म्हणून मी निघालो. जिना उतरताना मला वाटत होतं की मी फार मोठं काहीतरी केलंय, आणि तेही तुझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या कोपऱ्यावरच्या गाड्यावर मी दोन चहा सांगितले, तर तू म्हणालीस, "मला नको. दुधाचा नियम घेतलाय." मी विचारलं, "कधीपर्यंत?" तू म्हणालीस, "पूर्ण होईल तेव्हा." मी पुढं विचारलं नाही. तुम्हा जैनांत असे नियम घेतात हे मला ठाऊक होतं. चातुर्मासात तू पेरू सोडला होतास, त्याआधी महिनाभर गूळ. पहिल्या वेळी मी हसलो होतो आणि तू चार दिवस बोलली नव्हतीस. तेव्हापासून ठरवलं होतं की देवधर्माच्या गोष्टीत तोंड घालायचं नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी समजूतदारपणे केली, आणि तीच चुकली बघ.

मला काय सुचलं असेल? कॉलेज नव्हतं, दिवस मोकळा होता. या गावात तुला पोटभर खायला कुठं मिळेल ते हुडकायचं! आमच्या घरात बुधवार-रविवार मटण, त्यामुळं कांदा-लसणाशिवाय चूल पेटते हेच मला नवीन. कांदा नाही, लसूण नाही, कसला कंद नाही, त्यात आता दूधही नाही, आणि सगळं दिवस मावळायच्या आत. मी महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत एकेक हॉटेल पालथं घातलं. पोह्यांत कांदा, उप्पिटात कांदा, वड्यात बटाटा, मिसळीत तर सगळंच. भडंग बरं म्हणून घेतलं, तर वास आला लसणाचा. उसाच्या रसवाल्याला "आलं घालू नका" म्हटलं तर तो म्हणाला, "पावणं, आलं न्हाय, लिंबू न्हाय, मग नुसता ऊसच चावा की!" लक्ष्मीपुरीत एकानं शपथेवर सांगितलं की सांबारात कांदा नाही, मी चमच्यानं ढवळून कांदा वर काढला आणि त्याच्याशी भांडलो. भांडायला मला काय लागतंय.

शेवटी सापडली ती शाहूपुरीतली नीलम्मा. खानावळ शाकाहारी, पण कांदा-लसूण तिच्यातही चालतोच. मी रोज जाऊन डोकं खाल्लं तेव्हा माझ्यापुरती वेगळी कढई ठेवली बिचारीनं. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, ओल्या खोबऱ्याची चटणी, आणि या दिवसांत सोलाणे, ओल्या हरभऱ्याचे. "कांदा न्हाय, लसूण न्हाय, आता दूधबी न्हाय," ती म्हणायची, "हुडगी पोर जगतीया कशावर रं तम्मा? तुझ्या तोंडाकडं बघून?" तिचा नवरा भीमाप्पा गल्ल्यावरून ओरडायचा, "त्या तोंडाकडं बघून तर भूक मरंल की!" आणि कॉफी! तिच्या माहेरचं पितळी फिल्टर, ताजी दळलेली पूड, वरून गूळ. दुधाशिवायची कॉफी इतकी चांगली लागते हे मला एकवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पहिला घोट घेऊन तू डोळे मिटलेस, तेव्हा मला वाटलं, आता आणखी काही नको.

तुला तुझा नियम जड जाऊ नये म्हणून मी धडपडत होतो. आणि दानेश्वरी म्हणते, तू रोज वाट बघत होतीस की आज तरी हा विचारेल, आज तरी कॉलेजचं नाव काढील. मी काय काढत होतो? सोलाण्यांची पुडी. जे माझ्यासाठी सोसायचं म्हणून तू घेतलंस, ते मी रोज चवीचं करून तुझ्यापुढं ठेवत होतो. आणि जितकं चवीचं करत होतो, तितका मी कॉलेजपासून लांब जात होतो.

संक्रांतीनंतरच्या त्या सोमवारची आठवण तर मला झोपू देत नाही. मी उड्या मारत तुला सांगितलं की नीलम्मा पूड देणार आहे, मी कॉलेजच्या फाटकासमोरच कॉफीचा गाडा टाकतो, आता शिकायची कटकट कायमची गेली. तू रडायला लागलीस. मला वाटलं, आनंदानं. मी तुला रुमाल दिला, रुचिता! वर म्हणालो, "पहिला कप तुलाच." त्यानंतर तुझं जेवण अर्ध्यावर आलं, हे मला परवा कळलं. आणलेली भाकरी तू दानेश्वरीला देत होतीस.

मंगळवारी तू हॉस्टेलच्या जिन्यात चक्कर येऊन पडलीस, बुधवारी तुझे वडील, बापूसोकाका, येऊन तुला कुरुंदवाडला घेऊन गेले, आणि मी दोन दिवस फाटकाशी डबा घेऊन उभा होतो. डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, दूध द्या. घरात दुभत्या म्हशी, तुझी आई पेला घेऊन मागं मागं, आणि तू तोंड मिटून बसलेली, कारण सांगायची सोय नाही. हे दानेश्वरीकडून ऐकल्यावर मी तिच्यावरच ओरडलो, "मला आधी का सांगितलं नाही कुणी?" ती तुझ्यापेक्षा फटकळ. म्हणाली, "तिनं शपथ घातलीवती. म्हणत होती, सांगून सोडलं तर ती धमकी होईल, त्याचं त्याला कळू दे. मीच मोडली आज शपथ. तुला कळायची वाट बघत बसले तर पोरगी जायची." खानावळीतले सगळे माझ्याकडं बघत होते. मला पहिल्यांदाच कुणाशी भांडावंसं वाटलं नाही.

तू माझ्यासाठी हे का केलंस, ते मी विचारत नाही. विचारायची लायकी आधी यायला पाहिजे. मला जे तुला दोन वर्षं सांगायचंय तेही आज लिहीत नाही, कारण आज ते लिहिलं तर तू हे पत्र दयेनं वाचशील.

आता हे लिहायचं कारण सांगतो. काल संध्याकाळी मी इंगवले सरांच्या घरी गेलो होतो. त्यांनी दारातच उभं ठेवलं. मी माफी मागितली, तर म्हणाले, "घरात येऊन मागितलेली माफी मला नको. उद्या अकराला, त्याच लॅबमध्ये, त्याच बॅचसमोर. मग बस टेबलावर. परीक्षेच्या फॉर्मचं मी प्राचार्यांशी बोलेन." खरं सांगतो, ते बोलले ते मला अजूनही वाईटच वाटतं, आणि रात्रभर हात शिवशिवत होते. पण कॉलर धरली ती मी. हसणारे सगळे आज तिथं असतील, तुझी जागा तेवढी रिकामी असेल. मला बोलायला जमेल की नाही माहीत नाही, पण उभा राहणार, आणि बोलून झाल्यावर बाहेर न येता टेबलापाशीच थांबणार. दानेश्वरी दुपारच्या एस.टी.नं तुझ्याकडं निघतीये. हे पत्र मी वाटेत तिच्याकडं देतो, पण तिला सांगितलंय, प्रॅक्टिकल सुटेपर्यंत थांब, मला आत बसलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघ, आणि मगच गाडीत चढ. मी पळून आलो, तर तिनं हे फाडून टाकायचं. म्हणजे हे तुझ्या हातात असेल, तर तुझा नियम पुरा झाला. कुरुंदवाडला ती पाचपर्यंत पोचेल. दिवस मावळायला वेळ असेल. आईला हाक मार आणि दूध माग. आजच. साडेदहा झाले, आई विचारतीये इस्त्रीचा शर्ट घालून कुठं निघाली स्वारी, मी "कॉलेजला" म्हटलं तर तिच्या हातातलं लाटणं थांबलं. आता आणखी थांबलो तर ती रडेल आणि मीही. दार ओढून घेतो आणि निघतो.

तुझाच,
कृष्णात