या देशात उपलब्ध नाही

।। श्री ।।
कुरुंदवाड, १२ जून २०२५

चि. ऋतुराज यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

जर्मनीच्या पत्त्यावर हातानं लिहायची वेळ आईनं आणली. तिनं स्वतःचा मोबाईल कपाटात कोंडलाय, तुझ्याशीही फोनवर बोलणार नाही, पत्रच लिही म्हणते. बाबा गेल्यापासून धारा काढून झाल्या, की ती त्यांचा पुरातला व्हिडिओ लावून बसायची. परवा लावला, तर 'या देशात उपलब्ध नाही' अशी पाटी. गोठ्यात पाणी शिरल्यावर बाबांनी बोट मागितली, तहसीलचे साहेब म्हणाले अख्ख्या देशात पूर आहे, थांबा. तेव्हा बाबा ओरडले होते ना, देश गेला खड्ड्यात, आधी माझी म्हस काढा! कुणीतरी तेवढाच तुकडा तोडून तक्रार केली. सरकारी आदेश आला, व्हिडिओवाल्या कंपनीनं बाबांचं अख्खं पानच भारतापुरतं बंद केलं. कारण, सार्वभौमत्वाला बाधा.

आईनं त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी म्हटलं, आपल्या घरात आपलाच शब्द चालणं. म्हणाली, मग ह्यांचा का चालंना? ती फार उतरलीय रे.

तुझी, आक्का

।। श्री ।।
श्टुटगार्ट, २९ जून

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

आधी हसलो, मग हसू गेलं. अगं, इथे बाबा दिसतात! त्यांचा खोकला, म्हशीला घातलेली शिवी, सगळं शाबूत आहे. मी उतरवून घेतलंय. तुझ्या मोबाईलवर पाठवतो, आईला गुपचूप ऐकव. तुझ्यासारख्या शाळेतल्या मास्तरीणबाईंनी एवढा नियम मोडायला हरकत नाही. वकिलांकडून अर्जही कर.

लोभ आटू देऊ नकोस. तुझा, ऋतू

।। श्री ।।
कुरुंदवाड, १७ जुलै

चि. ऋतुराज यास आशीर्वाद.

आईनं साफ नाकारलं. म्हणाली, चोरून ऐकायला मी काय त्यांची ठेवल्याली हाय? लग्नाची बायको हाय. ज्यांनी बंद केलंय त्यांनीच उघडावं, मग सोप्यात बसून मोठ्यानं ऐकीन की! बोलताना धाप लागत होती. मला राग आला आणि रडूही. अर्जावर तिनं अख्खं नाव घातलं, हौसाबाई गणपतराव. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. जमेल तेवढं लवकर ये.

तुझी, आक्का

कुरुंदवाड, २१ सप्टेंबर

चि. ऋतुराज,

काल आईचा दहावा झाला. विमान गाठता आलं नाही म्हणून जिवाला लावून घेऊ नकोस, ती कुणासाठीच थांबली नाही.

आज सकाळी वकिलांचा फोन आला. अर्ज मान्य झालाय, बाबांचं पान सुरू आहे. गल्लीतल्या बायका सोप्यात जमल्या, लाव म्हणाल्या. मी मोबाईल हातात घेतला आणि परत ठेवला. पहिल्यांदा ऐकायचा मान तिचा होता.

आता आपण दोघंच उरलो. पत्र टाकत जा.

तुझी, आक्का